अमेरिकेची दंडार

माझा नातू अमेरिकेत जाऊन राहिला त्याला आता बरीच वर्षं झाली. फोनवर तो तिथल्या निवडणुकीच्या गोष्टी सांगतो, कोण कोणाला काय बोललं, कोण कोर्टात गेलं, आणि मग म्हणतो, "आजी, तुला यातलं काही कळणार नाही." मला हसू येतं आणि संतापही येतो. अरे, तू जन्मायच्या आधी, तुझा बाप जन्मायच्या आधी, त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षापायी माझी शाळा बंद पडली होती. आमच्या गावात वीज नव्हती, पक्का रस्ता नव्हता, पण अमेरिकेचं भांडण येऊन पोचलं होतं. डॉक्टर म्हणतात, बाई, राग आवरा, तब्येतीला बरा नाही. मी म्हणते, तब्येतीचं काय व्हायचं ते होवो, ही गोष्ट मी थंड डोक्यानं सांगणार नाही.

आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, चांदा जिल्ह्यातलं. तेव्हा चंद्रपूर कोणी म्हणत नसे, चांदाच म्हणायचे. धानाचा मुलूख. घर मातीचं, वर कवेलूचं छप्पर, पुढं सारवलेलं आंगण आणि एका बाजूला उखळ. माय पहाटेपासून कांडायला बसायची आणि त्या मुसळाच्या आवाजावर आम्ही उठायचो. जेवायला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण, कधी अंबाडीची भाजी, नदीचे मासे मिळाले तर सण. माय बोलायला फटकळ, हाताला उदार. बाबा उलटे. नाव श्रावण, आणि घरात बोलायचे मोजकंच, कोणी दरडावलं तर लगेच हात जोडायचे. पण दिवाळी आली की हाच माणूस बदलायचा. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत भर दुपारी दंडार होते, म्हणजे आमचं नाटक: ढोलकी, टाळ, गाणी, नाच आणि सोंगं. आमच्या गावच्या दंडारीत राजा कायम बाबाच. हरिश्चंद्र तेच, रावण तेच, कंसही तेच. पायात चाळ बांधून ते आंगणात फेऱ्या मारायला लागले की माय म्हणायची, "आला व माय राजा! राजे, गोठ्यातलं शेण काढाचं हाय!" आणि राजा मुकाट्यानं शेण काढायला जायचा.

मी सातवीत होते. एवढं वाक्य आज कोणाला काही वाटणार नाही. त्या काळात, त्या गावात, पोरगी सातवीत असणं म्हणजे अप्रूप होतं. सातवीची परीक्षा पास झाली की मास्तरीण होता यायचं, आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. नाही झाले तर काय होणार हेही ठाऊक होतं: मावशीच्या गावचं एक स्थळ तयार बसलं होतं. आमच्या जनपदाच्या, म्हणजे तेव्हाच्या तालुका बोर्डाच्या, शाळेत आधी चौथीपर्यंतच वर्ग होते. पुढचे वर्ग भांडेकर गुरुजींनी आल्यावर हट्टानं सुरू केले. ते एकटेच शिकवायचे, सगळे विषय, सगळे वर्ग. किडकिडीत माणूस, खोकला कायमचा. घरी येऊन बाबांना म्हणाले होते, "श्रावणभाऊ, पोरगी मला द्या, मी तिला मास्तरीण करून परत देतो." मायनंच उत्तर दिलं होतं, "न्या गुरुजी. घरी ठेवून मी काय तिचं लोणचं घालू?"

तर त्या वर्षी, धान पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा, गुरुजींनी आम्हाला अमेरिकेची गोष्ट सांगितली. आपल्या देशात नुकत्याच निवडणुका सुरू झाल्या होत्या, पेट्यांत मतं टाकायची नवलाई होती, म्हणून त्यांना वाटलं असावं की पोरांना सांगावं, दुसऱ्यांनी हा संसार कसा मांडला. फळ्यावर त्यांनी दोन माणसं काढली. एक बुटका, गोल. एक उंच, शिडशिडीत. दोघं जुने दोस्त, इंग्रजाला हाकलायला बरोबर होते. राज्य हातात आलं आणि दोस्ती फाटली. बुटका देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि खालोखाल मतं उंचाला पडली म्हणून त्याचा विरोधकच उपाध्यक्ष झाला! आम्ही पोरं खो खो हसलो. मग फ्रान्सशी लढाई होते की काय अशी हवा झाली, आणि बुटक्याच्या पक्षानं कायदा केला की सरकारविरुद्ध वाईटसाईट कोणी लिहिलं, बोललं तर तुरुंग. वर्तमानपत्रवाले आत गेले. त्यांच्या संसदेतला एक सभासद आत गेला, तर लोकांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. आणि एक दारुडा होता. राष्ट्राध्यक्षाची बग्गी गावातून निघाली, सलामीच्या तोफा उडाल्या, आणि हा म्हणाला की गोळा त्याच्या ढुंगणात घुसला तर बरं होईल. त्यालाही धरलं. गुरुजींनी हेही सांगितलं की तो राष्ट्राध्यक्ष वाईट माणूस नव्हता, विद्वान होता, हात स्वच्छ होता, पण आपल्याला कोणी बोललेलं त्याला सोसत नव्हतं. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला पाडलं. उंच गादीवर आला आणि बुटका पहाटेच गाव सोडून घरी गेला. ना तलवार, ना रक्त.

संध्याकाळी जेवताना मी ही सगळी गोष्ट घरी सांगितली, दारुड्याचा आवाज काढून. मायला ठसका लागला. बाबांचा घास हातातच राहिला. "सुमन," ते म्हणाले, "याची तं दंडार होते गा!" मी म्हटलं, "बाबा, त्यात राक्षस नाही, देव नाही." ते म्हणाले, "देवाचं काय करतं? राजा हाय, कैदी हाय, दारुड्या हाय. अजून काय पायजे?" आता नीट ऐका, कारण पुढं सगळ्या गावानं हे सोयीनं विसरून टाकलं: दंडारीची कल्पना बाबांची होती. गुरुजींना तर आठवड्यानं कळलं, आणि त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की तो राजा म्हणू नका, निवडून आलेला म्हणा. बाबांनी ते ऐकलं आणि गाण्यात राजाच ठेवला, कारण चालीत दुसरं बसत नव्हतं.

आता मालगुजाराबद्दल सांगायला हवं, म्हणजे इंग्रजांपासून गावचा सारा गोळा करणाऱ्या, जमीन नि तलाव ताब्यात असलेल्या माणसाबद्दल. मालगुजारी सरकारनं काढून टाकली होती, कागदावर. गावात सगळं तसंच होतं. जनपद सभेत गावाकडून तोच निवडून जायचा, मास्तर कुठं ठेवायचा नि कुठं धाडायचा हे त्याच्या शब्दावर चालायचं, आणि लोक त्याला मालकच म्हणायचे. त्या पावसाळ्यात नत्थू नावाच्या एका गड्यानं भर बाजारात म्हटलं होतं की मालगुजारी गेली तरी हा माणूस आमच्याकडून फुकटात काम करून घेतो. दुसऱ्या दिवशी शिपाई आले आणि नत्थूला तालुक्याच्या ठाण्यात नेऊन बसवलं. परत आला तो बोलेनासाच झाला. हे सगळं गावाला माहीत होतं. पण खरं सांगते, दंडार बसवताना कोणाच्या डोक्यात मालक नव्हता. त्या भोळ्या माणसांना अमेरिकेचंच वेड लागलं होतं. ढोलकीवाला मला रोज विचारायचा, "सुमनबाई, त्या बुटक्याची बायको कशी होती? तिचंबी एक गानं टाकू."

आणि मग तो कोट. आमच्याकडं रीत होती की दंडारीतल्या राजाचा पोशाख मालगुजाराच्या घरून आणायचा. त्याच्या बापापासूनची रीत. जांभळ्या मखमलीचा कोट, त्याला जर, आणि गुलाबी फेटा. हाच कोट घालून तो स्वतः दसऱ्याला सोनं वाटायला बसायचा, आणि हाच कोट दिवाळीनंतर एक दिवस बाबांच्या अंगावर यायचा. रावण झाला तेव्हाही हाच कोट होता, कंस झाला तेव्हाही हाच, आणि तेव्हा मालक पहिल्या रांगेत बसून मांडीवर थाप मारून हसायचा. माय त्या घरी कांडायला जायची, म्हणून आणायचं काम तिचं. मंडईच्या सकाळी ती गेली, मालकीणबाईनं पेटीतून कोट काढून दिला, वर म्हणाली, "पानाचे डाग पडू नोको देजो." माय तो डोक्यावर घेऊन आली. संपलं. एवढीच गोष्ट आहे. कोणी कट केला नाही, कोणी डाव टाकला नाही. दर साल करतो ते केलं.

मंडईत आजूबाजूच्या गावांची माणसं लोटली होती. जिलेबीची कढई, बांगड्यांची दुकानं, झुल्यांचा करकर आवाज, पोरांच्या पिपाण्या. जनपद सभेची निवडणूक तोंडावर होती म्हणून मालक तालुक्याहून चार पाहुणे घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. आधी आमचा गण झाला, मग बाबा कोट घालून आले, पोटाला उशी बांधून, कारण राष्ट्राध्यक्ष गोल होता ना! मालकही गोल होता. हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं हो. बाबांनी मिशीला पीळ दिला आणि खड्या आवाजात गायले की माझ्याविरुद्ध जो बोलेल त्याला कोठडीत टाका. आणि मागून कोणीतरी ओरडलं, "आधी नत्थूले इचारा!" त्यासरशी जो हशा उठला, तसा मी पुढं आयुष्यात कधी ऐकला नाही. बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. बाबांना वाटलं आपलं सोंग रंगलं, त्यांनी पोट आणखी पुढं काढलं. दारुडा आला, तोफ उडाली, ढुंगणाची ओळ आली, आणि तालुक्याचा एक पाहुणाही फिसकन हसला. तिथं मालक उठला. ढोलकीवर त्यानं पाय ठेवला. म्हणाला, "बंद." लोकांनी त्या राष्ट्राध्यक्षाला पाडलं हे दाखवायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं. बाबांना नाही, मायला. मीही मागं गेले, मला कोणी अडवलं नाही. सगळं गाव भोवती उभं. दंडारीतले सगळे गडी होते, ढोलकीवाला होता, मागं गाणारे होते. गुरुजींना एका बाजूला उभं केलं होतं, त्यांना बसायला घोंगडंसुद्धा दिलं नव्हतं.

"पार्बता," मालक म्हणाला, "कोट न्याले तुले कोनं धाडलं?"

"कोनी नाई मालक. दर सालीच नेतो."

"औंदा गुरुजीनं सांगतलं असन."

"गुरुजीले कोटाचं काय ठावं? त्याहिनं तं कोट कवा पाह्यला बी नसन."

मग त्यानं आवाज मऊ केला. त्याच्या त्या मऊ आवाजानं आजही माझ्या अंगाची लाही होते. "हे पाय बाई, तुयी पोरगी सातवीत हाय. हुशार हाय, मी आयकतो. तू एवढंच म्हन, का गुरुजीनं सांगतलं. मी नवा मास्तर आनतो, वर्ग चालू राहीन, पोरगी परीक्षा देईन. नाई तं एकाच मास्तराचा वर्ग हाय, मास्तर गेला का वर्ग गेला."

मायनं बाबांकडं पाहिलं. बाबा आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत होते. ज्याची कल्पना होती, ज्यानं कोट घातला, ज्यानं पोट पुढं काढलं, तो माणूस अंगठ्याकडं पाहत होता! आणि बाकीचे? सगळे मूग गिळून. गुरुजींनी एकदा खोकून म्हटलं, "पार्बताबाई, म्हणा. माझी बदली तशीही होईल. पोरीचं वर्ष वाचवा." आणि माझी माय, जिला सही येत नव्हती, जिनं माझ्या शाळेसाठी नणंदा-जावांची बोलणी खाल्ली होती, तिनं माझ्याकडं पाहिलं. मला कळलं ती काय विचारत होती. मी मान हलवली का, नाही हलवली, मला आठवत नाही. तिनं पदर खोचला.

"मालक, कोट मी आनला. देल्ला तुमच्या घरच्याईनं. घातला ह्या मानसानं. हासलं सारं गाव. यात गुरुजी कुठी हाय, तुमीच सांगा. अन् तुमी रावनाच्या येळेस नाई उठले, कंसाच्या येळेस नाई उठले. यालेच काऊन उठले? पुढं लोकं त्याले पाडते म्हनून?"

कोणी हसलं नाही. मालक उठून आत गेला. त्याच आठवड्यात गुरुजींना एटापल्लीच्याही पलीकडं जंगलात धाडलं, जिथं पावसाळ्यात वाट बंद होते. शाळेतले वरचे वर्ग बंद झाले. आणि निवडणूक? निवडून तोच आला. ज्यांनी मंडईत पोट धरून हसून घेतलं त्यांनीच मतं दिली. अमेरिकेतल्या लोकांना जे जमलं ते आमच्या लोकांना जमलं नाही, आणि मत गुप्त असतं बरं, चावडीवर हात वर करायचा नव्हता! मी म्हातारी झाले तरी मला हे कळलेलं नाही. आज त्या शाळेवर त्याच मालगुजाराचं नाव आहे, मोठ्या अक्षरात, "शिक्षणप्रेमी" म्हणून. मी पाहिलं तेव्हा तिथंच थुंकणार होते, मुलीनं हात धरला.

घरी मायनं बाबांशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि उखळाकडं जायची. बाबा एकदा म्हणाले, "मी बोल्लो असतो तं जमीन पडीक पाडली असती त्यानं, तलावाचं पानी तोडलं असतं." माय उखळाला म्हणाली, "आयकलं का बाप्पा, राजाले पान्याची भीती हाय." मावशीकडून त्या स्थळाचा निरोप पुन्हा आला. मायनं निरोप्याला चहा दिला आणि सांगितलं की पोरगी परीक्षा देऊन राह्यली. कुठं देऊन राह्यली हे कोणाला ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. मग एक दिवस तिनं गाठोडं बांधलं, मला घेतलं आणि बल्लारपूरला मामाकडं आणून सोडलं. मामा कागदाच्या कारखान्यात कामाला होता, एका खोलीत त्याची सहा माणसं, मी सातवी. माय मामीला म्हणाली, "खाईन कमी, काम करन दुप्पट. फक्त शाळेच्या येळेले हाक नोको मारू." मामीनं शब्द पाळला, पुण्य तिला. भोंग्यांच्या आवाजात मी अभ्यास केला, चिडून चिडून केला, गणितावर सूड उगवल्यासारखा केला, आणि पास झाले.

पुढच्या दिवाळीला मी गावी आले. मंडई भरली होती. त्या वर्षी दंडारीत हरिश्चंद्र होता, बिनधोक. दंडार सुरू व्हायच्या आधी मालक उठला, हातात नारळ आणि खणाचं कापड, आणि माझं नाव पुकारलं. "आपल्या गावची पयली सातवी पास पोरगी! आपल्या शाळेचं नाव काढलं!" टाळ्या पडल्या. आपल्या शाळेचं! कोणीतरी मला पुढं ढकललं. मी त्याच्यासमोर उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ते घोंगडं न देता उभे केलेले गुरुजी होते.

"घे बेटा," तो म्हणाला.

मी हात मागं घेतले. "सातवीचा वर्ग काऊन बंद केला, ते सांगा पयले. मंग नारळ घेतो."

जिलेबीवाल्याचा झारा कढईत थांबला. मालक मोठ्यानं हसला. लोकांकडं वळून म्हणाला, "पोट्टी मास्तरीन होनार बाप्पा, आतापासूनच परीक्षा घेऊन राह्यली!" आणि लोक हसले. तेच लोक, तसेच हसले. मला वाटलं इथंच जमीन फाटावी. मी मान खाली घातली नाही, पण आणखी एक शब्द काढला असता तर रडू फुटलं असतं. तो नारळ माझ्या हातात कोंबायला पुढं झाला.

तेव्हा दंडारीच्या रांगेतून बाबा पुढं आले. चेहऱ्याला सफेदा लावलेला, अर्धी मिशी काढलेली. हात जोडलेले नव्हते. बाजूला लोंबत होते, ते हात कुठं ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं.

"सांगा ना, मालक," ते म्हणाले.

मालकानं त्यांच्याकडं पाहिलं. बाबांनी नजर खाली घेतली नाही. मी मागं वळून गर्दीकडं पाहिलं, ढोलकीवाल्याकडं, मागं गाणाऱ्यांकडं, नत्थूकडं. कोणीतरी आणखी एकानं म्हणावं, सांगा ना. दोन शब्द. कोणी बोललं नाही. मालकानं नारळ खाली ठेवला आणि निघून गेला, आणि बाबांनी जे सांगितलं होतं तेच झालं, त्या उन्हाळ्यात आमच्या बांधीचं, म्हणजे धानाच्या शेताचं, पाणी तुटलं आणि उन्हाळी धान उभंच वाळलं. पण मंडईच्या त्याच संध्याकाळी मायनं बाबांना वाढताना विचारलं, "अजून भात वाढू का?" वर्षभरानं ती त्यांच्याशी बोलली.

बाबांना मी त्याच दिवशी माफ केलं. गावाला अजून केलेलं नाही.